डॉसमधील जुन्या बिलिंग प्रोग्रॅमची छपाई नव्या विंडोजवर कशी चालू करावी

सोलापुरातील मार्केट यार्डातली अडत दुकाने, चाटी गल्लीतील कापडाचे घाऊक व्यापारी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादर-टॉवेलचे कारखाने यांपैकी काहींच्या गल्ल्यावर आजही फॉक्सप्रो किंवा क्लिपर या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनांत लिहिलेला, डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीसाठीचा निळ्या पडद्याचा प्रोग्रॅम चालू आहे. तो टिकून राहण्याची कारणे साधी आहेत. दिवाणजींची बोटे त्याला सरावलेली असतात, माउसला हात न लावता शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद) काही सेकंदांत तयार होते, आणि वर्षानुवर्षांची खाती त्याच फोल्डरमध्ये पडून असतात. अडचण येते ती संगणक बदलताना. जुना संगणक बंद पडतो, नवा येतो, त्यावर विंडोज ११ असते, मागच्या बाजूला प्रिंटरचे जुने रुंद सॉकेट नसते, आणि कशीबशी खटपट करून प्रोग्रॅम उघडला तरी पट्टी मात्र कागदावर उमटत नाही. प्रोग्रॅममध्ये काहीही बदल न करता ती कशी उमटवायची, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

कमांड येथे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात. कोलन, तिरप्या रेघा आणि शब्दांमधील रिकाम्या जागा मात्र येथे आहेत तशाच ठेवाव्यात, कारण छपाई न होण्याची बरीच प्रकरणे एका सुटलेल्या कोलनपाशी येऊन थांबतात.

छपाई नेमकी कुठे अडते

विंडोजमधील आजचा प्रोग्रॅम प्रिंटरशी थेट बोलत नाही. तो विंडोजला पान दाखवतो, विंडोज ते ड्रायव्हरकडे, म्हणजे त्या प्रिंटरसाठीच्या छोट्या सॉफ्टवेअरकडे देते आणि ड्रायव्हर त्या प्रिंटरला समजेल अशा भाषेत त्याचे रूपांतर करतो. डॉसच्या प्रोग्रॅमला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने संगणकाला एलपीटी१ नावाचे एक दार आहे, आणि त्या दारातून अक्षरे एकामागून एक बाहेर ढकलली की पलीकडचा प्रिंटर ती छापतो. ठळक अक्षर, बारीक अक्षर, पानाची लांबी या सूचनाही तो अक्षरांच्याच रांगेत मिसळून पाठवतो, आणि त्या बहुधा एप्सनने रूढ केलेल्या संकेतांत असतात. त्यामुळे नव्या संगणकावर दोन वेगळ्या गोष्टी बिघडू शकतात: एकतर एलपीटी१ हे दारच नसते, किंवा दार असते पण पलीकडच्या प्रिंटरला साधी अक्षरे आणि एप्सनचे संकेत समजत नाहीत. कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी आपली अडचण यांपैकी कोणती आहे हे ठरवले, तर अर्धे काम तिथेच होते. तसे न करता लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात, आणि ड्रायव्हरचा तर या वाटेवर संबंधच येत नाही.

म्हणून आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्याखाली अबाउट उघडल्यावर सिस्टीम टाइपसमोर हे लिहिलेले असते. डॉसचे १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा घटक फक्त ३२ बिटच्या विंडोजमध्ये असतो. विंडोज १० ही ३२ बिटमध्ये मिळणारी शेवटची आवृत्ती होती. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच येते, आणि तिच्यावर डॉसचा प्रोग्रॅम दोनदा क्लिक करून कधीच उघडणार नाही.

दुसरी गोष्ट, प्रिंटर कोणत्या तारेने जोडलेला आहे. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. यूएसबीतून पॅरलल, म्हणजे जुन्या रुंद सॉकेटच्या प्रिंटरला जोडणारी जी तार दुकानात मिळते, तिच्यामुळे संगणकात एलपीटी१ तयार होत नाही. विंडोजला तो प्रिंटर यूएसबी००१ अशाच नावाच्या पोर्टवर दिसतो, आणि डॉसचा प्रोग्रॅम पूर्वीइतकाच अंधारात राहतो. खरे एलपीटी१ हवे असेल तर मदरबोर्डवरच ते असले पाहिजे किंवा पॅरलल पोर्टचे कार्ड आत बसवले पाहिजे.

तिसरी गोष्ट, प्रिंटरला साधा मजकूर समजतो का. टीव्हीएस, एप्सन, विप यांच्या डॉट मॅट्रिक्स (सुयांनी ठिपके ठोकून अक्षर उमटवणाऱ्या) प्रिंटरांना तो समजतो, कारण त्यांचा जन्मच त्या काळातला आहे. पीसीएल ही प्रिंटरची भाषा जाणणाऱ्या लेझर प्रिंटरांनाही समजतो. पण कॅनन एलबीपी२९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० यांसारखे, आपल्याकडे घरोघरी दिसणारे स्वस्त लेझर प्रिंटर पानाचे चित्र संगणकाकडून तयार करून घेतात. त्यांना नुसती अक्षरे पाठवली तर ते काहीही करत नाहीत. अशा प्रिंटरसाठीचा मार्ग वेगळा आहे, तो पुढे येईल.

प्रोग्रॅमला हात लावण्याआधीची चाचणी

प्रोग्रॅम बाजूला ठेवून फक्त दार उघडे आहे का, हे तपासता येते. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधील कमांड टाइप करण्याची काळी खिडकी) उघडून पुढील दोन ओळी द्याव्यात.

डिर > टेस्ट.टीएक्सटी
कॉपी /बी टेस्ट.टीएक्सटी एलपीटी१

पहिल्या ओळीने फोल्डरमधील फाइलींची यादी एका फाइलीत साठते आणि दुसरीने ती जशीच्या तशी एलपीटी१ वर जाते. /बी लिहिणे आवश्यक आहे. ते नसेल तर फाइलीतील २६ क्रमांकाचा संकेत दिसताच विंडोज फाइल संपली असे समजते आणि छपाई मध्येच तुटते. डॉट मॅट्रिक्सवर यादी लगेच छापली गेली तर दार आणि प्रिंटर दोन्ही ठीक आहेत, आणि दोष प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शोधावा. फाइल सापडत नाही असा संदेश आला तर एलपीटी१ अस्तित्वातच नाही. लेझर प्रिंटरचा दिवा लुकलुकत राहिला आणि कागद मात्र बाहेर आला नाही, तर त्याला अक्षरे मिळाली आहेत, फक्त पान संपल्याची सूचना मिळालेली नाही. प्रिंटरवरील बटण दाबताच ते पान बाहेर येते. ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यूएसबी प्रिंटरला एलपीटी१ हे नाव देणे

संगणकावर खरे एलपीटी१ नसले तरी विंडोज ते नाव शेअर केलेल्या प्रिंटरला देऊ शकते, आणि प्रिंटर त्याच संगणकाला जोडलेला असला तरी ही युक्ती चालते. डॉट मॅट्रिक्सधारकांसाठी मला हाच मार्ग सर्वांत खात्रीचा वाटतो. त्यात वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि एप्सनचे संकेत वाटेत कोणीही न बदलता प्रिंटरपर्यंत पोहोचतात.

प्रथम प्रिंटर विंडोजमध्ये नेहमीप्रमाणे बसवावा. कंपनीचा ड्रायव्हर मिळत नसेल तर विंडोजसोबत येणारा 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर पुरतो, कारण या मार्गाने जाणारा मजकूर ड्रायव्हरमधून जातच नाही. रांगेत लागतो आणि तसाच यूएसबीवर उतरतो. पोर्ट म्हणून यूएसबी००१ किंवा तिथे जो यूएसबी क्रमांक दिसेल तो निवडावा. त्यानंतर प्रिंटर प्रॉपर्टीजमधील शेअरिंगच्या पानावर जाऊन प्रिंटर शेअर करावा आणि शेअरचे नाव लहान, रिकामी जागा नसलेले ठेवावे. येथे आपण 'डॉट' हे नाव धरू. विंडोजने आपणहून सुचवलेले लांबलचक नाव तसेच ठेवले की पुढची कमांड चुकण्याची सोय आपणच करून ठेवतो. ॲडव्हान्स्डच्या पानावरील 'एनेबल ॲडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स' आणि पोर्टच्या पानावरील 'एनेबल बायडायरेक्शनल सपोर्ट' या दोन्ही खुणा काढून टाकलेल्या बऱ्या.

नेटवर्कच्या सेटिंगमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू असले पाहिजे. संगणकाचे नाव माहीत नसेल तर कमांड प्रॉम्प्टवर 'होस्टनेम' असे टाइप केले की ते दिसते. समजा ते 'काउंटर' आहे. मग पुढील ओळ द्यावी.

नेट यूज एलपीटी१: \\काउंटर\डॉट /पर्सिस्टंट:येस

कमांड यशस्वी झाल्याचा संदेश आला की वरची चाचणी पुन्हा करावी. नुसते 'नेट यूज' असे टाइप केले तर जोडलेल्या नावांची यादी येते आणि त्यात एलपीटी१ समोर आपला शेअर दिसला पाहिजे.

या टप्प्यावर हटकून येणाऱ्या अडचणी तीन आहेत, आणि त्यांपैकी पहिली सर्वांत जास्त वेळ खाते. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडला असेल, तर तिथे दिलेले एलपीटी१ हे नाव साध्या पद्धतीने उघडलेल्या प्रोग्रॅमला दिसत नाही, कारण विंडोज या दोन्हींना वेगवेगळे लॉगिन समजते. चाचणी छापली जाते, प्रोग्रॅममधून मात्र काहीच येत नाही, आणि माणूस प्रोग्रॅमला दोष देतो. म्हणून प्रोग्रॅम ज्या पद्धतीने उघडायचा, त्याच पद्धतीने उघडलेल्या प्रॉम्प्टमध्ये ही कमांड द्यावी. दुसरी अडचण अशी, की संगणकात खरे एलपीटी१ असेल, अगदी मदरबोर्डवर नुसत्या पिना असून बाहेर सॉकेट नसले तरी, विंडोज ते नाव सोडायला तयार होत नाही आणि प्रवेश नाकारल्याचा संदेश देते. तेव्हा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पॅरलल पोर्ट बंद करावा, किंवा प्रोग्रॅममध्ये पोर्ट बदलण्याची सोय असेल तर एलपीटी२ वापरावे. तिसरी अडचण प्रिंटर दुसऱ्या संगणकाला जोडलेला असताना येते. विंडोज पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पाहुणा म्हणून जोडणीचे नियमही कडक झाले आहेत. ज्या संगणकाला प्रिंटर आहे त्यावर पासवर्डसह एक खाते तयार करून तेच नाव-पासवर्ड जोडणाऱ्या संगणकावर द्यावे. दुकानात 'पासवर्ड कशाला' हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर हे आहे.

/पर्सिस्टंट:येस लिहिल्यावर विंडोज ही जोडणी लक्षात ठेवते, असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण सकाळी संगणक सुरू होताना नेटवर्क उशिरा जागे झाले की ती जोडणी तुटलेली दिसते आणि पहिल्याच गाडीच्या कांद्याच्या पट्टीला खोळंबा होतो. त्यापेक्षा एक छोटी बॅच फाइल (कमांड एकामागून एक चालवणारी फाइल) करून तिचाच शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवावा.

नेट यूज एलपीटी१: /डिलीट
नेट यूज एलपीटी१: \\काउंटर\डॉट
सीडी /डी सी:\पट्टी
पट्टी.इएक्सई

पहिल्या ओळीला जोडणी सापडली नाही तर ती तक्रार करते. तिकडे दुर्लक्ष करावे. दिवाणजींना यातले काही समजावून सांगण्याची गरज नाही, त्यांच्यासाठी चिन्ह तेच आणि जागा तीच.

३२ बिटचे विंडोज १० असेल तर डॉसचा प्रोग्रॅम प्रथम उघडताना एनटीव्हीडीएम बसवायचे का, असे विंडोज विचारते, होकार द्यावा. या विंडोजवर आणखी एक लक्षण दिसते: पट्टी छापण्याची आज्ञा दिली तरी प्रिंटर गप्प राहतो आणि प्रोग्रॅममधून बाहेर पडताच सगळ्या पट्ट्या एकदम धडाधड बाहेर येतात. याचे कारण असे, की प्रोग्रॅम एलपीटी१ उघडतो पण छापून झाल्यावर बंद करत नाही, आणि काम संपल्याची खूण न मिळाल्यामुळे विंडोज ते रांगेत धरून ठेवते. मूळ कोड हाताशी असेल तर छपाई संपते त्या ठिकाणी 'सेट प्रिंटर टू' एवढीच ओळ, पुढे काहीही न लिहिता, घालावी. फॉक्सप्रो आणि क्लिपर दोन्हींत ती पोर्ट बंद करून काम पुढे पाठवते. कोड नसेल तर प्रिंटरच्या ॲडव्हान्स्ड पानावर 'स्टार्ट प्रिंटिंग इमीजिएटली' निवडलेले आहे ना, ते पाहावे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुना ३२ बिटचा संगणक केवळ पट्ट्यांसाठी ठेवायचा असेल तर ठेवावा, पण त्यावर बँक आणि जीएसटीचे पोर्टल उघडू नये. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीच्या बाबतीत तर इंटरनेटची तार काढूनच टाकावी.

६४ बिटच्या विंडोजवर

येथे डॉसचा प्रोग्रॅम एखाद्या एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालवावा लागतो. डॉसबॉक्सचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेला आहे आणि त्यात छपाईची सोय नाही. ती नाही हे न कळल्यामुळे त्याच्या सेटिंगमध्ये ती शोधण्यात लोक दिवस घालवतात. धंद्याच्या प्रोग्रॅमसाठी दोन पर्याय योग्य आहेत. व्हीडॉस हा पडद्यावर केवळ अक्षरे दाखवणाऱ्या डॉस प्रोग्रॅमांसाठीच तयार केलेला आहे. तो लहान आहे आणि एकाच डेटावर दोन-तीन संगणक काम करत असतील तर फाइल आणि रेकॉर्ड लॉक करण्याचे काम तो नीट करतो. डॉसबॉक्स-एक्स हा त्याहून मोठा, सेटिंग्ज भरपूर असलेला आणि छपाईच्या बाबतीत सर्वांत लवचीक आहे. एका संगणकाच्या दुकानासाठी मी डॉसबॉक्स-एक्स सुचवीन. कारखान्यात हजेरी, पगार आणि स्टॉक वेगवेगळ्या टेबलांवरून भरले जात असतील तर आधी व्हीडॉस वापरून पाहावा.

डॉसबॉक्स-एक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये पॅरलल नावाचा विभाग असतो. त्यात पॅरलल१ समोर 'डिसेबल्ड' लिहिलेले असते. डॉट मॅट्रिक्स असेल, तर आधी वर सांगितल्याप्रमाणे विंडोजमध्ये नेट यूज करून एलपीटी१ जोडावे आणि मग ही ओळ अशी बदलावी.

पॅरलल१=फाइल डेव्ह:एलपीटी१ टाइमआउट:२०००

याचा अर्थ, आतल्या प्रोग्रॅमने एलपीटी१ वर जे पाठवले ते बाहेरच्या विंडोजच्या एलपीटी१ वर जसेच्या तसे सोडावे, आणि दोन सेकंद काही आले नाही तर काम संपले असे समजून पोर्ट बंद करावा. टाइमआउटचा आकडा मिलिसेकंदांत असतो. तो फार लहान ठेवला, तर हिशेब करत करत हळूहळू छापणाऱ्या लांब रिपोर्टचे तुकडे पडतात आणि मध्येच दुसऱ्या कोणाचे काम घुसू शकते. फार मोठा ठेवला तर शेतकरी काउंटरवर ताटकळतो. पट्टीसाठी दोन सेकंद ठीक असतात, पगारपत्रकासाठी पाच-सहा ठेवावेत.

प्रिंटर स्वस्त लेझर किंवा इंकजेट असेल तर दुसरा मार्ग घ्यावा. पॅरलल१=प्रिंटर असे लिहिले, की डॉसबॉक्स-एक्स स्वतःच एप्सनच्या पद्धतीच्या प्रिंटरची भूमिका घेतो, संकेत वाचतो आणि पानाचे चित्र तयार करतो. प्रिंटर विभागातील 'प्रिंटआउटपुट' समोर 'प्रिंटर' लिहिल्यास ते पान विंडोजच्या प्रिंटरकडे जाते. विंडोजचा मुख्य प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडला तर डॉसच्या प्रोग्रॅममधून थेट पीडीएफ निघते, आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याला ती व्हॉट्सॲपवर पाठवता येते. तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमकडून एवढे मिळते, हे पाहून मालक मंडळी पुन्हा दहा वर्षे सॉफ्टवेअर बदलायचे नाव काढत नाहीत.

सेटिंग फाइलींशी खेळायचे नसेल तर प्रिंटफिल, डॉसप्रिन यांसारखी विकत मिळणारी सॉफ्टवेअरे हेच काम करतात: प्रोग्रॅमची छपाई फाइलीत किंवा पोर्टवर पकडतात, एप्सनचे संकेत वाचतात आणि कोणत्याही विंडोज प्रिंटरवर छापतात. एखाद्या कारखान्यात आठ-दहा संगणक असतील आणि देखभाल करणारा माणूस रोज येत नसेल, तर हा खर्च वाया जात नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी एक व्यवहाराची बाब आधी पाहावी. पट्टी किंवा चलन कार्बनवर दोन-तीन प्रतींत काढायचे असेल तर डॉट मॅट्रिक्सच ठेवावा, कारण त्याची सुई कागदावर आपटते म्हणून खालची प्रत उमटते. लेझर खालच्या प्रतीवर काहीच उमटवू शकत नाही. तिथे तीन प्रती म्हणजे तीन वेळा छपाई, आणि मग 'मूळ' आणि 'प्रत' यांचा घोळ सुरू होतो.

छापले जाते, पण चुकीचे

दार उघडल्यावरचा हा भाग खरा कसबाचा आहे, कारण येथे संगणक काहीच संदेश देत नाही. कागदाकडे बघूनच निदान करावे लागते.

व्यापाऱ्याच्या नावाआधी 'ई' हे इंग्रजी अक्षर आणि नावानंतर 'एफ' हे अक्षर विनाकारण छापले जात असेल, तर प्रिंटरला एप्सनचे संकेत समजत नाहीत असे ओळखावे. एस्केप आणि ई म्हणजे ठळक सुरू, एस्केप आणि एफ म्हणजे ठळक बंद. एस्केप हा २७ क्रमांकाचा संकेत कागदावर दिसत नाही, त्याच्यामागचे अक्षर मात्र राहून जाते. प्रोग्रॅममध्ये छपाई फाइलीत काढण्याची सोय असेल तर ती फाइल डॉसच्या पडद्यावर दाखवून पाहावी: डावीकडे तोंड केलेला बाण म्हणजे २७, सूर्यासारखे चिन्ह म्हणजे १५, आणि १५ म्हणजे बारीक अक्षर सुरू. आपला प्रोग्रॅम काय काय पाठवतो हे त्या एका फाइलीत उघडे पडते. उपाय म्हणजे प्रिंटर एप्सनच्या पद्धतीवर लावणे, किंवा लेझर असेल तर वर सांगितलेला संकेत वाचणारा मार्ग घेणे.

प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा थोडी वर किंवा खाली सरकत असेल, तर पानाच्या लांबीचे गणित जुळलेले नाही. आपल्याकडील सलग कागद बहुधा १२ इंची असतो, आणि इंचाला ६ ओळी या हिशेबाने त्यावर ७२ ओळी बसतात. नवा प्रिंटर मात्र कारखान्यातून ११ इंचांवर, म्हणजे ६६ ओळींवर लावलेला असू शकतो. प्रोग्रॅमने पान बदलण्याची सूचना दिली की प्रिंटर ६६ ओळींवर थांबतो आणि दर पानाला एक इंच फरक पडत जातो. प्रिंटरच्या पॅनलवरील सेटिंगमधून पानाची लांबी १२ इंच करावी. ६ इंची अर्ध्या कागदावर पट्टी काढत असाल तर ३६ ओळी लागतात, आणि हे बहुतेक वेळा प्रोग्रॅमच स्वतः एस्केप सी या संकेताने सांगतो. तसे असेल तर पॅनलला हात लावण्याची गरज नसते.

लेझरवर ए४ कागदावर छापताना रकमेच्या रकान्यातले पैसे कापले जातात, ही तक्रारही ठरलेलीच आहे. ८० अक्षरांची ओळ इंचाला १० अक्षरे या मापाने ८ इंच होते. ए४ ची रुंदी ८.२७ इंच, आणि लेझर दोन्ही कडांना थोडी जागा सोडतोच. उरलेल्या जागेत शेवटचे अक्षर मावत नाही. प्रोग्रॅममध्ये किंवा एम्युलेटरमध्ये इंचाला १२ अक्षरे लावली की ओळ सहज बसते. १३२ रकान्यांचे मोठे पगारपत्रक बारीक अक्षरांत, इंचाला साधारण १७ या मापाने, पावणेआठ इंचांत बसते, म्हणजे ए४ वर येते; वाचायला चष्मा लागेल, पण १५ इंची कागदाची गरज संपते.

रकान्यांच्या आडव्या-उभ्या रेघांऐवजी तिरकी इंग्रजी अक्षरे छापली जात असतील, तर प्रिंटरमधील अक्षरांचा तक्ता 'इटॅलिक' वर आहे. तो पीसी४३७ किंवा 'ग्राफिक्स' वर न्यावा. काही प्रिंटरांत ही सोय पॅनलवर, जुन्यांत मागच्या छोट्या डिप स्विचांवर असते. प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ सुटत असेल तर प्रिंटरचे 'ऑटो एलएफ' बंद करावे, आणि ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत गेल्या तर प्रिंटरमध्ये 'ऑटो सीआर' (नव्या ओळीसाठी आपोआप डाव्या कडेला परतणे) असल्यास ते चालू करावे किंवा एम्युलेटरच्या पॅरलल ओळीत नेमके काय जाते ते पाहावे.

मराठी छपाईचा प्रश्न वेगळा आहे. काही जुन्या प्रोग्रॅमांत सी-डॅक या सरकारी संस्थेच्या, संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डाने देवनागरी दिसत असे आणि मजकूर इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतांत साठवला जात असे. ते कार्ड नव्या मदरबोर्डवर बसतच नाही, आणि त्याच्याविना तो मजकूर चौकोन व विचित्र चिन्हे होऊन छापला जातो. येथे पोर्टची कोणतीही युक्ती उपयोगी नाही. असा डेटा इस्कीतून युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि पट्टी नव्या प्रोग्रॅममधून काढावी.

सगळे जुळल्यावर प्रोग्रॅमचे फोल्डर, बॅच फाइल, एम्युलेटरची कॉन्फिग फाइल आणि प्रिंटरच्या पॅनलवरील सेटिंगची छापील यादी यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सुरू करताना एखादे बटण दाबून धरले की ही यादी स्वतःच छापून देतात. त्यानंतर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा, कोणतीही कमांड हाताने न देता डेस्कटॉपवरील शॉर्टकट उघडावा आणि एक खरी पट्टी, तिच्यावरील हमाली, तोलाई आणि मोटारभाड्याच्या रकान्यांसह, जुन्या पट्टीशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावी.